नोंदवीर

सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मंजूर झालं की मंडळी सामोशांकडे वळतात. नोंदवीर वहीकडे वळतात. शेवटच्या ओळीखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर पट्टी ठेवून ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढतात, रेघेवर सही करतात, सहीखाली तारीख आणि वेळ घालतात. मगच त्यांना सामोसा गोड लागतो. "कोरी जागा सोडली की तिच्यात मागाहून कोणीतरी लिहितं," असं त्यांचं म्हणणं. आता आमच्या बाणेरच्या इमारतीत लिफ्टच्या देखभालीचा ठराव रात्री गुपचूप घुसडावा असं कोणाच्या मनात येणार आहे? पण 'कोण' या प्रश्नात नोंदवीरांना रस नसतो. त्यांचं लक्ष जागेवर.

ही खोड धंद्यामुळे लागली की खोड होती म्हणून हा धंदा मिळाला, ते वहिनींनाही सांगता येत नाही. वडील दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते, म्हणजे रक्तातही असू शकेल. धंदा असा: लिनक्स कर्नलमध्ये टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपचा एक ड्रायव्हर असतो, त्यात डोकं घालून बसायचं. तेही सगळ्या ड्रायव्हरमध्ये नव्हे. चिपमधल्या हॅश-अल्गोरिदमच्या बँका कुठल्या चालू, कुठल्या बंद, आणि चालू असलेल्या प्रत्येकीत नोंद पडते आहे ना, एवढंच यांचं शेत. एवढ्या तुकड्यावर माणसाचा अख्खा संसार चालतो, गृहकर्ज फिटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी स्वतः घरबसल्या किराणा मागवायची ॲपं करतो. त्यांच्या हिशेबी मी 'युजरस्पेस'वाला, म्हणजे ज्याच्याकडून आलेली कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय आत घ्यायची नाही अशांपैकी. माझ्याकडून आलेला दिवाळीचा चिवडासुद्धा ते आधी वाटीत काढून बघतात.

चिपचं काम समजावून सांगायला त्यांना फार आवडतं आणि सुरू झाल्यावर त्यांना थांबवता येत नाही, म्हणून ते मीच थोडक्यात उरकतो. संगणक सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याच्या हाती कारभार देण्याआधी त्याचा हॅश, म्हणजे ठरीव लांबीचा ठसा, काढतो आणि चिपला कळवतो. बायोस बूटलोडरचा काढतो, बूटलोडर कर्नलचा. ते ठेवायला चिपमध्ये पीसीआर नावाची २४ रजिस्टरं असतात, ० ते २३. त्यांत थेट काही लिहिता येत नाही. आधीची किंमत आणि नवा हॅश शेजारी शेजारी ठेवायचे, दोघांचा मिळून पुन्हा हॅश काढायचा आणि तो तिथे बसवायचा. या क्रियेला 'एक्स्टेंड' म्हणतात. खोडरबर नाही. चाचणीसाठी सोडलेलं १६ क्रमांकाचं आणि ॲप्लिकेशनांसाठी सोडलेलं २३ क्रमांकाचं अशी दोन वगळली, तर यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमला झालेली नोंद पुसता येत नाही.

टीपीएम १.२ च्या जमान्यात एकच हॅश होता, शा-१, २० बाइटांचा. २०१४ मध्ये टीपीएम २.० चं स्पेसिफिकेशन आलं आणि एकाच चिपला अनेक अल्गोरिदम चालू लागले. त्याच २४ रजिस्टरांचे निरनिराळे संच झाले: एक शा-१ चा, एक शा-२५६ चा, कुठे शा-३८४ चा, काही चिपांत चिनी एसएम३ चाही. अशा एका संचाला बँक म्हणायचं. चिपमध्ये जागा बेताची, त्यामुळे सगळ्या बँका एकदम चालू ठेवणं सहसा परवडत नाही. कुठल्या चालू ठेवायच्या ते बायोस ठरवतो आणि त्यात बदल केला तर तो यंत्र नव्यानं सुरू झाल्यावर लागू होतो. ड्रायव्हर बिचारा उशिरा येतो. त्यानं आल्यावर विचारायचं, "इथं काय काय चालू आहे?"

या विचारण्यातच नोंदवीरांची उमेद खर्ची पडली. कारण चिप जी यादी देते, तिच्यात चालू बँका तर असतातच, पण जिला एकही रजिस्टर वाटून दिलेलं नाही अशी नुसत्या नावाची बँकही असू शकते. फरक कळतो तो सोबतच्या २४ बिटांवरून. सगळी बिटं शून्य म्हणजे पाटी आहे, दुकान बंद. यादीत नाव दिसलं म्हणून ती चालू धरली की पुढचा हिशेब चुकलाच. म्हणून नोंदवीर 'आहे' या उत्तरावर कधीच समाधान मानत नाहीत.

"गॅस आहे का?"

"आहे."

"आहे म्हणजे सिलिंडर आहे, की सिलिंडरमध्ये गॅस आहे?"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वहिनी या प्रश्नावर हसायच्या, असं ऐकून आहे.

एके काळी या बँकांसाठी कर्नलमध्ये सात खणांची ठरीव पट्टी होती. पुढे ती काढून टाकली आणि चिप सांगेल त्याप्रमाणे जागा घ्यायची असा बदल झाला. तो बदल नोंदवीरांनी केलेला नाही. पण त्यावरची सगळी पत्रापत्री त्यांना मुखोद्गत आहे, आणि आठवी बँक असलेली चिप जर त्या काळी आली असती तर काय झालं असतं, या विचारानं ते अजूनही मधूनच गप्प होतात. अशा वेळी वहिनी त्यांच्यापुढे ताक ठेवतात.

शा-१ चं नाव ते तोंडाने घेत नाहीत. 'ती वीस बाइटवाली' म्हणतात. १९९५ मध्ये जाहीर झालेला हा अल्गोरिदम २००५ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर खिळखिळा केला, आणि २०१७ च्या २३ फेब्रुवारीला गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेनं एकच शा-१ हॅश असलेल्या, म्हणजे 'टक्कर' झालेल्या, दोन वेगवेगळ्या पीडीएफ फायली जगापुढे ठेवल्या. त्यासाठी एका सीपीयूला ६,५०० वर्षं आणि वर एका जीपीयूला ११० वर्षं लागतील एवढी आकडेमोड करावी लागली. "म्हणजे अवघड होतं की," असं मी एकदा म्हटलं. नोंदवीरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी किराणा ॲपच्या पासवर्डाविषयी काही बोलायच्या आत उठलो.

अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेनं शा-१ ला २०३० अखेरची मुदत दिली आहे. तोवर जुन्या यंत्रांसाठी ही बँक सांभाळायची. मान गेला, पाट गेला नाही, अशी तिची अवस्था. पण नोंदवीरांचा खरा राग शा-१ वर नाही, शून्यांवर आहे. कर्नलमध्ये आयएमए नावाची उपव्यवस्था आहे. उघडणाऱ्या, चालणाऱ्या फायलींचे हॅश काढून ती १० क्रमांकाच्या पीसीआरमध्ये टाकते. टीपीएम २.० आल्यावर बरीच वर्षं तिथे टाकायला ती शा-१ चाच हॅश काढायची. शा-२५६ च्या बँकेला लागतात ३२ बाइट. मग काय करायचे? शा-१ चे २० बाइट, त्यापुढे १२ शून्यं, की झाले ३२! नोंद सगळ्या बँकांत पडली, रकाने भरले, फक्त नव्या बँकेत जुनाच माल गेला. २०२० मध्ये हे सुधारलं आणि प्रत्येक बँकेला तिच्या स्वतःच्या अल्गोरिदमचा हॅश मिळू लागला. तरी कर्नलला ओळखूच न येणारी बँक निघाली, तर तिच्या नशिबी अजून शून्यांची भरती आहे. "पण रिकामी नाही ना राहात?" असं मी विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याशी माणसात आल्यासारखे बोलले. "तेच. रिकामी ठेवण्यापेक्षा ते बरं."

रिकामी बँक किती महागात पडते याचा किस्सा त्यांच्याकडे कायम तयार असतो. समजा शा-१ आणि शा-२५६ अशा दोन बँका चालू आहेत आणि बायोसनं नोंदी एकीतच केल्या. दुसरी शून्यावर. कंपनीचा सर्व्हर लॅपटॉपला म्हणतो, शा-२५६ च्या बँकेचा दाखला आण. चिप सहीनिशी दाखला देते. पण त्या कोऱ्या बँकेत एखाद्या भामट्यानं निर्दोष यंत्राचे हॅश आधीच ओळीनं भरून ठेवले असतील, तर सही खरी आणि मजकूर खोटा. ही नुसती कल्पना नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ मध्ये नेमकी ही खोट असल्याचं जाहीर झालं. दोन्ही बँका चालू असल्या की त्याचा बायोस शा-२५६ च्या बँकेत काही टाकतच नव्हता. गूगलच्या एका अभियंत्यानं ते शोधलं आणि त्याला 'टीपीएम कार्ट ब्लांश' असं नाव दिलं. सुरक्षा-दोषांच्या यादीतला, म्हणजे सीव्हीई, क्रमांक २०२१-४२२९९. हा क्रमांक मला पाठ आहे, कारण नोंदवीरांनी तो बारशात सांगितला, वास्तुशांतीत सांगितला, आणि एका दहाव्याला घाटावरही सांगितला. कावळा शिवत नव्हता, मंडळी उन्हात ताटकळली होती; यांनी वेळ सत्कारणी लावला. कावळा शिवला तेव्हा ते बायोसच्या आवृत्तीपर्यंत आले होते, आणि गुरुजी पुढचं विचारत होते.

कर्नलचं काम मेलवर चालतं. पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, साध्या मजकुराच्या मेलनं पाठवायचा, समोरचे मेंटेनर तुमच्या ओळी खाली ओढून प्रत्येकीखाली आपली हरकत लिहितात, मग व्ही२, व्ही३, कधी व्ही९. एका पॅचमध्ये एकच बदल हवा. बदल दोन ओळींचा आणि तो का केला याचं निवेदन चाळीस ओळींचं, हे तिथे सभ्यपणाचं लक्षण समजतात. उत्तरं येतात युरोप-अमेरिकेतून, म्हणजे आपल्या रात्री. नोंदवीर रात्री दीडला उठून हरकत वाचतात, पहाटे मान्य करतात आणि दिवसभर जांभया देतात. या शिस्तीचा घरावर परिणाम होणारच. वहिनींनी एकदा व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. त्याला आलेलं उत्तर त्यांनी आम्हाला दाखवलं:

> येताना कोथिंबीर आणा
मान्य.

> अर्धा किलो मटार
शेंगा की सोललेले? निवेदनात स्पष्ट नाही.

> आईंचं बीपीचं औषध
मान्य. हे तातडीचं असल्याने आधी घेतो.

> आणि शनिवारी ताईंकडे जायचंय
याचा वरील यादीशी संबंध नाही. कृपया वेगळं पाठवावं.

वहिनींनी वेगळं पाठवलं. वर 'व्ही२' लिहिलं, आणि रीतीप्रमाणे तळाशी 'व्ही१ नंतरचे बदल' असा मथळा देऊन एकच ओळ: 'आधी कळवत होते, आता सांगतेय.' तो पॅच विनातक्रार मंजूर झाला.

या पॅचांच्या कारभारात त्यांचं एक दुखणं आहे आणि मी ते काढू नये हे मला कळायला हवं होतं. जुनी चूक दुरुस्त करताना, ती कुठल्या बदलामुळे आली त्याच्या ओळख-क्रमांकाची पहिली १२ अक्षरं पॅचखाली द्यावी लागतात. तो क्रमांक देतं बदलांची नोंद ठेवणारं गिट. आणि कर्नलचं गिट तो काढतं शा-१ नं. "म्हणजे त्या वीस बाइटवालीला हाकलायच्या पॅचखाली तिचीच मोहोर?" एवढंच मी म्हटलं. नोंदवीरांनी कप खाली ठेवला. "गिटमधला शा-१ टक्कर ओळखणारा आहे. २०१७ पासून." बराच वेळ थांबून म्हणाले, "आणि बदलायचं काम चालू आहे." त्या दिवशी दुसरा कप झाला नाही.

घरातली भांडणं त्यांच्याकडे पुसली जात नाहीत, यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत साठत जातात. वहिनींनी एकदा दुपारच्या झोपेवर भिस्त ठेवून पाहिली, की उठल्यावर विसरतील. ते उठले आणि सकाळच्या वाक्यापासून पुढे सुरू झाले. वर खुलासा: दुपारची झोप म्हणजे रीबूट नव्हे, सस्पेंड. त्यात झोपण्याआधी ड्रायव्हर चिपला अवस्था जपून ठेवायला सांगतो, म्हणून उठल्यावर पीसीआर जिथल्या तिथे असतात. वहिनी म्हणाल्या, "मग रात्री नीट बंद होत जा."

इतकं सगळं असून माणसाचा राग येत नाही. येतो तो एकाच बाबतीत. मागे सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या सफाईचं बिल एकाच महिन्यात दोनदा लागलं. बोभाटा झाल्यावर कळलं की नोंदवीरांनी आपल्या वहीत दोन्ही बिलं तारीखवार, क्रमांकासह टिपून ठेवली होती. सभेत कोणीतरी चिडून विचारलं, "अहो, मग तेव्हाच अडवलं का नाही?"

"अडवणं माझं काम नाही. मी नोंद ठेवतो. पडताळणाऱ्यानं पडताळायचं."

"पडताळणारा कोण?"

"ते धोरणात ठरवायचं असतं."

सभा खवळली. पण चिपही हेच करते. नोंद घेताना ती कोणाला अडवत नाही. बिघडवलेला बूटलोडर असला तरी तो सुखेनैव सुरू होतो. फक्त त्याचा हॅश रजिस्टरात जातो. पुढे कोणी दाखला मागितला, किंवा त्या किमतींवर एखादी किल्ली बांधून ठेवली असली, तर त्या नोंदीला अर्थ. नाहीतर २४ रजिस्टरं प्रामाणिकपणे भरायची आणि संध्याकाळी यंत्र बंद झालं की सोडून द्यायची. जगातल्या बहुतेक लॅपटॉपांत हेच होत असणार, असा माझा अंदाज आहे. नोंदवीरांना हे ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही, ही माझी त्यांच्याबद्दलची खरी तक्रार. कोणी वाचत नसताना इतकं चोख लिहिणारा माणूस शेजारी असणं फारसं सुखाचं नसतं.

कोणी वाचण्याची वेळ आलीच, तर मात्र तो बघण्यासारखा असतो. तळमजल्यावरच्या काकू, निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाचे हिशेब ठेवतात. एका रात्री त्यांच्या लॅपटॉपनं बायोस अपडेट करून घेतला आणि सकाळी निळा पडदा: डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की द्या. नोंदवीरांना बोलावणं गेलं. ते चष्मा पुसून पडद्यासमोर बसले आणि म्हणाले, "काकू, अभिनंदन."

"कसलं रे?"

"बायोस बदलला, हॅश बदलले, रजिस्टरं जुळेनात, म्हणून चिपनं किल्ली द्यायला नकार दिला. म्हणजे ती जागी आहे."

"जागी असू दे बाबा. मला उद्या हिशेब द्यायचाय."

की होती मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आणि मुलगा होता टेक्सासमध्ये. तिथे रात्र; त्याला उठवलं. तो झोपेत आकडे सांगू लागला, सहा-सहाचे आठ गट. नोंदवीर लिहून घेत होते आणि डाव्या हाताची बोटं मोजत होते. पाचव्या गटाला त्यांनी हात वर केला. "हा चुकला. पुन्हा सांग."

"तुम्हाला कसं कळलं?"

"प्रत्येक गटाला अकरानं भाग जातो. याला जात नाही."

मुलानं पुन्हा वाचलं. दोन अंकांची उलटापालट झाली होती. लॅपटॉप उघडला, काकूंनी त्यांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला, आणि नोंदवीरांनी की लिहिलेल्या कागदावर उरलेल्या जागेत तिरकी रेघ ओढून तो काकूंच्या स्वाधीन केला.

विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० लागतं, तेव्हा ही चिप बहुधा तुमच्याही लॅपटॉपमध्ये आहे आणि तिच्या नोंदी चालू आहेत. डिस्क बिटलॉकरनं बंद केलेली असेल, तर पुढचा बायोस अपडेट येण्याआधी आपली ४८ अंकी की खात्यातून काढून कागदावर उतरवून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.